साचाखात्याचे दार

मजुरीतील तफावतीचा प्रश्न निघाला की एक उत्तर हमखास पुढे येते. एका खात्यात एका कामाला एकच दर आहे. जातगोत पाहून येथे पगार दिला जात नाही. हे उत्तर पुष्कळदा खरे असते, आणि खरे असूनही ते अन्यायावर पांघरूण घालू शकते. ते कसे, हे पाहण्यास मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासासारखा दुसरा धडा आम्हांस ठाऊक नाही.

गिरणीतली सगळी खाती सारख्या मोलाची नव्हती. रिंगखाते, थ्रॉसलखाते ही कताईची, साचाखाते विणाईचे. साचेवाला बहुधा दोन साचे सांभाळी, काढलेल्या कापडावर मजुरी घेई, आणि त्याची कमाई कताईकामगारापेक्षा बरीच अधिक असे. या साचाखात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. कारण काय, तर धोटा. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने बाहेर ओढायचे. एकच धोटा अनेकांच्या ओठी लागे. या चालीला परदेशांतही विरोध झाला, पण तो रोगप्रसाराच्या भीतीने; अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली ती कायद्याने बंद केली. आमच्याकडे भीती रोगाची नव्हती, विटाळाची होती. म्हणून येथे चाल बंद झाली नाही, माणसे बंद झाली.

ही बंदी कोणा मॅनेजरच्या हुकुमाने चालत नव्हती. ती शेजारच्या साच्यावरचा कामगारच पाळीत होता, हे चळवळीच्या माणसाने विसरता कामा नये. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत जो प्रचंड संप झाला, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य करा, एरवी या कामगारांनी संपात का उतरावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढाऱ्यांनी नाखुषीने का होईना, ती मागणी घेतली. मालकांनी मात्र हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे, असे म्हणून हात झटकले.

आता हा वाद आकड्यांच्या तराजूत घालू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, साचाखात्यात महिना ४५ रुपये आणि कताईत २५. पहिल्या जमातीचे शंभरांपैकी ६० कामगार साच्यावर आहेत. त्यांची सरासरी ३७ रुपये पडते. दुसऱ्या जमातीचा एकही साच्यावर नाही, सरासरी २५. तफावत १२ रुपयांची. पण खाते खात्याशी ताडून पाहिले तर तफावत शून्य! मालक म्हणेल, पाहा, जातीचा काही संबंध नाही. संख्याशास्त्र सांगते, थांबा. जातीने खाते ठरवले आणि खात्याने पगार ठरवला. खाते हा मधला दुवा आहे. ६० टक्क्यांचा फरक गुणिले २० रुपये, म्हणजे बाराचे बारा रुपये त्या दुव्यातून आले. तफावत नाहीशी झालेली नाही. ती कोणत्या वाटेने आली तेवढे कळले.

वाटांचा असा हिशेब मांडण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९२१ साली प्राणिवंशाच्या अभ्यासातून पुढे आणली. १९८६ मध्ये बॅरन आणि केनी यांनी मधल्या दुव्याची पायरीपायरीने परीक्षा कशी घ्यावी हे सांगितले. परंतु एक अडचण उरली होती. वय, अनुभव यांना कमीजास्त असते. जातीला, प्रांताला, धर्माला तसे नसते. त्यांना एक, दोन, तीन असे आकडे देऊन एकच उतार काढला तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. यावर हेज आणि प्रीचर यांनी २०१४ साली सविस्तर लिहिले. मुद्दा सोपा आहे : एक जमात तुलनेचा पाया म्हणून धरावी, बाकी प्रत्येकीला हो-नाहीचा स्वतंत्र रकाना द्यावा, आणि प्रत्येकीची वाट वेगळी मोजावी.

आमच्या उदाहरणात तिसरी जमात घाला. तिचे शंभरांत २० साच्यावर आहेत, पण दोन्ही खात्यांत तिला वाईट सूत, जुने यंत्र मिळते आणि माणशी २ रुपये कमी पडतात. तिची सरासरी २७. पहिलीशी तफावत १० रुपयांची. त्यांतले ८ खात्याच्या वाटेने, २ थेट. म्हणजे दुसऱ्या जमातीसाठी दार उघडण्याची मागणी हवी, तिसरीसाठी दाराबरोबर आतल्या वागणुकीचीही. तिन्ही जमातींना मिळून एकच आकडा काढला असता तर हा भेद बुडाला असता.

अर्थात, सावधगिरीही हवी. खाते ठरण्यात जातीखेरीज गाव, नातेगोते, नोकरीची वर्षे, जॉबरची मर्जी यांचाही हात असतो. ते न पाहता सगळी तफावत एका दुव्याच्या माथी मारणे बरोबर नाही. आकडा वाट दाखवतो. दार कोणी लावले हे इतिहासाला विचारावे लागते.

हीच गोष्ट रेल्वेतही होती. आमच्या तळेगावावरून जाणारा रेल्वेमार्ग १८५८ चा. त्या जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. बाबासाहेबांनी तेथे दाखवून दिले की, हा कामगार जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधे पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात. गँगमनचा दर सगळ्या गँगमनांना सारखाच. अन्याय दरात नव्हता, पुढे जाण्याच्या वाटेत होता.

आज तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत साचे नाहीत, धोटे नाहीत. पण कायम, कंत्राटी, शिकाऊ अशी नावे आहेत, आणि ज्याच्या त्याच्या नावाप्रमाणे पगार आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० साली झाला. तरी कंत्राटाच्या यादीत कोण जातो आणि कायमच्या यादीत कोण, हा प्रश्न उरतोच. समान कामाला समान दाम ही मागणी आम्ही सोडणार नाही. पण तेवढीच मागून भागणार नाही. वाटाघाटीला बसताना युनियनने दोन तक्ते जवळ ठेवावेत : कोणत्या कामाला किती दाम, हा एक, आणि कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, पुरुष की स्त्री, कोणत्या कामावर किती, हा दुसरा. पहिला तक्ता मालकाला प्रश्न विचारतो. दुसरा मालकाला विचारतो आणि आपल्यालाही विचारतो. म्हणून तो करायला जड जातो, आणि म्हणूनच तो आधी करावा.