ऐकल्याची पोच

रजिस्टर केलेले पत्र योग्य हाती पडले की त्याची सहीनिशी पोच पाठवणाऱ्याकडे परत येते, ही टपालखात्याची सोय आपल्या परिचयाची आहे. नभोवाणी केंद्राला अशी सोय नसते. केंद्र बोलत राहते, त्याचा आवाज डोंगर व समुद्र ओलांडून जातो, परंतु तो कोणाच्या कानी पडला की वाटेतच विरला, हे केंद्राला कळण्याचा मार्ग नसतो. लघुलहरींच्या प्रसारणात ही अडचण विशेष तीव्र होती. ज्या देशासाठी कार्यक्रम पाठवायचा तो हजारो मैल दूर, आणि लहरींची वाट ऋतूप्रमाणे व दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलणारी. म्हणून श्रोत्यांनीच पोच पाठवण्याची प्रथा पडली. जगभरच्या हौशी श्रोत्यांनी टंकयंत्रावर लिहून टपालाने धाडलेली ही श्रवणपत्रे म्हणजे विसाव्या शतकातील एक दुर्लक्षित वाङ्मय होय, असे आम्हांस वाटते. त्यांत काव्य नाही, कल्पना नाही; आहे ती केवळ साक्ष.

या पत्राचा साचा ठरलेला असे. तारीख, वेळ, लहरीची वारंवारता, आपला संच कोणता, एरियल किती लांब व कोणत्या दिशेला, आणि कार्यक्रमात काय ऐकले याचा मिनिटागणिक तपशील. वेळ स्थानिक नव्हे, तर ग्रिनिचची द्यावी लागे. आपल्याकडील श्रोत्याने घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत, म्हणजे रात्रीचे आठ हे चौदा वाजून तीस मिनिटे होत. आवाजाच्या गुणवत्तेसाठी पाच आकड्यांची सांकेतिक भाषा होती. संकेताचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, वातावरणातील खरखर, आवाजाचा चढउतार आणि शेवटी एकंदर श्रवणीयता, या प्रत्येकाला एक ते पाच गुण. '४३४३३' एवढे लिहिले की परदेशातील अभियंत्याला सारे उमगे. पत्र टंकलिखित असावे हा आग्रह ऐटीचा नव्हता. मराठी वळणाचे इंग्रजी हस्ताक्षर हिल्व्हरसम किंवा क्विटोच्या कारकुनाला लागणार कसे? शिवाय कार्बन घातला की आपल्यापाशी एक प्रत राही. उत्तराच्या खर्चासाठी सोबत टपालाचे आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन जोडायचे. ही कुपने १९०६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक टपाल परिषदेने मान्य केली होती. तपशील खरा ठरला की केंद्र छापील कार्ड पाठवी. त्याला 'क्यूएसएल कार्ड' म्हणत. तारायंत्राच्या परिभाषेत या तीन अक्षरांचा अर्थ 'पोच दिली' एवढाच.

हा निव्वळ छंद होता असे मानणे मात्र चूक ठरेल. लघुलहरींचा सारा इतिहास ऐकणाऱ्यांच्या पत्रांवर उभा आहे. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशी मंडळींना दोनशे मीटरच्या खालच्या लहरी देण्यात आल्या, कारण व्यापारी व लष्करी तज्ज्ञांच्या लेखी त्या निरुपयोगी होत्या. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे गृहस्थ आपला संच घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे गेले, थंडी-पावसात तंबू ठोकून बसले आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संकेत त्यांनी टिपले. ते टिपण नसते, तर तज्ज्ञांचे मत बदलायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. पुढे अ‍ॅपल्टन यांनी १९२४ साली वातावरणाच्या वरच्या थरांतून लहरी परावर्तित होतात हे प्रयोगाने सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एका ऐकणाऱ्याची कथा सविस्तर सांगितली पाहिजे. ती आपल्या चर्चच्या इतिहासाशीही जोडलेली आहे.

२४ मे १९२८ रोजी उम्बेर्तो नोबिले यांचे 'इटालिया' हे हवाईजहाज उत्तर ध्रुवावर पोहोचले. पोप अकरावे पायस यांनी दिलेला ओक लाकडाचा क्रूस तेथील बर्फावर सोडण्यात आला. परतीच्या वाटेवर, २५ मे रोजी, जहाज बर्फावर आदळले. काही माणसे बर्फावर फेकली गेली. सहा जण तुटलेल्या जहाजाच्या फुग्याबरोबर वाहून गेले व पुन्हा कधी दिसले नाहीत. वाचलेल्यांपैकी ज्युझेप्पे बियाजी या तारायंत्रचालकाने एक छोटा लघुलहरी संच सावरला आणि तो दिवसामागून दिवस मदतीचा संदेश पाठवीत राहिला. मोहिमेचे आधारजहाज तुलनेने जवळ उभे होते, पण त्यावर हे संकेत कोणाच्या ध्यानी येत नव्हते. तेथे आपल्याच कामाच्या तारांची गर्दी होती, आणि असा क्षीण आवाज येईल अशी अपेक्षा फारशी कोणी धरली नव्हती.

३ जून रोजी तो आवाज ऐकला गेला रशियातील वोझनेसेन्ये-वोख्मा या आडगावी. निकोलाय श्मिट नावाच्या तरुणाने घरीच जुळवलेल्या संचावर काही तुटक अक्षरे टिपली. 'इटालिया', 'नोबिले' आणि मदतीची हाक एवढे स्पष्ट होते. ठिकाणाचे नाव अर्धवट होते. ते 'फॉइन' बेटाचे नाव होते, पण प्रथम लोकांनी त्यावरून फ्रान्स योझेफ भूमीचा तर्क केला. श्मिटने स्वतःचा तर्क न लढवता ऐकली तशी अक्षरे मॉस्कोला तारेने कळवली. श्रवणपत्राचा पहिला नियम हाच आहे: जेवढे ऐकले तेवढेच लिहावे. ६ जूनला बियाजीने आपल्या संचावर रोमच्या बातम्या ऐकल्या, आणि एका सोव्हिएत हौशी श्रोत्याने आपली हाक ऐकली आहे हे बर्फावरच्या माणसांना कळले. पोच अशीही येते. अखेर नोबिले यांना स्वीडनच्या वैमानिकाने उचलले, उरलेल्यांना १२ जुलैला 'क्रासिन' या बर्फफोड्या जहाजाने सोडवले. एकूण आठ जण वाचले. त्यांच्या शोधार्थ विमानातून निघालेले थोर संशोधक आमुंडसेन मात्र परतले नाहीत.

श्मिटचे पुढे काय झाले? काही काळ त्याचा मोठा गौरव झाला. नंतर स्टालिनच्या राजवटीत त्याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवण्यात आला आणि १९४२ साली ताश्कंद येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो निर्दोष होता हे त्याच राज्याने पुढे, त्याच्या मरणानंतर, मान्य केले.

या मोहिमेचे धर्मगुरू होते येशूसंघीय फादर ज्युझेप्पे जानफ्रान्चेस्की. ते स्वतः पदार्थविज्ञानाचे पंडित होते. मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचे उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी झाले, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून हेच फादर नेमले गेले. हाक मारूनही ती ऐकली न जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. अकराव्या पायस यांनी त्या दिवशी लॅटिनमधून साऱ्या जगाला उद्देशून भाषण केले. एचव्हीजे हे केंद्राचे संकेतनाम. १९.८४ आणि ५०.२६ मीटर या त्याच्या लहरी जुन्या श्रोत्यांच्या पाठ असत.

या टपालाची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीचे व नंतर जपानचे लघुलहरी केंद्र आपल्या प्रचाराच्या मध्ये मध्ये युद्धकैद्यांची नावे व घरचे पत्ते वाचून दाखवी. हेतू उघड होता. अमुक कैद्याचे नाव येईल या आशेने अमेरिकेतील लोकांनी प्रचारही ऐकावा, असा तो गळ होता. सर्वच घरांत लघुलहरी संच नव्हते, आणि असले तरी नेमक्या रात्री नेमके नाव ऐकू येणे दुरापास्त. मग देशभरच्या हौशी श्रोत्यांनी आपापल्या परीने काम आरंभले. रात्र रात्र जागून नावे टिपायची आणि त्या पत्त्यावर कार्ड धाडायचे: 'आपला मुलगा अमुक ठिकाणी कैदेत असून जिवंत आहे, असे मी आज रात्री अमुक केंद्रावरून ऐकले.' कोणाचे कार्ड टंकलिखित, कोणाचे पेन्सिलने लिहिलेले. काहींनी तर मजकूर छापून घेऊन नावापुरती जागा रिकामी ठेवली होती. टपालखर्च पदरचा. पूर्वी ज्यांची पत्रे केंद्राकडे जात, त्यांचीच पत्रे आता अनोळखी मातांकडे जाऊ लागली; साचा मात्र तोच राहिला, तारीख, वेळ, लहर, ऐकलेले शब्द.

सरकारला हे सारे रुचत होते असे नाही. शत्रूच्या प्रचारावर विश्वास ठेवू नका, खातरजमा होईपर्यंत हे वृत्त अधिकृत समजू नका, असे इशारे सरकारी तारांतून दिले जात. त्यात तथ्य होते. खोटी आशा हीही एक क्रूर गोष्ट आहे. तरी आमचे मत श्रोत्यांच्या बाजूने पडते. त्यांनी 'तो जिवंत आहे' अशी ग्वाही दिली नाही, 'असे मी ऐकले' असे लिहिले. एकाच निवेदनाबद्दल एका घरी दहा-वीस कार्डे येत, वेगवेगळ्या गावांहून, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची. आणि त्या सर्वांत तेच नाव, तोच क्रमांक असला की त्या आईला सरकारी शिक्क्याची वाट पाहणे थोडे सुसह्य होत असणार. लिसा स्पार या लेखिकेला आपल्या आजोबांच्या पेटीत अशी साठाहून अधिक पत्रे सापडली. ती त्यांच्या पणजीच्या नावे आली होती. त्यांवरून त्यांनी पुढे लिहिणाऱ्यांच्या वारसांचा शोध घेतला व पुस्तक लिहिले.

व्हॅटिकनमध्ये हेच काम संस्थेच्या रूपाने चालले होते. बारावे पायस यांनी बेपत्ता सैनिक, कैदी व निर्वासित यांच्यासाठी माहिती कार्यालय उघडले. १९४० ते १९४६ या काळात व्हॅटिकन नभोवाणीने बारा लाखांहून अधिक संदेश प्रसारित केले, त्यासाठी बारा हजारांवर तास खर्ची पडले. नावांच्या त्या कंटाळवाण्या याद्या होत्या. परंतु ज्या घरचे नाव त्यात असे, त्या घरी तो कंटाळा कोणाला आला असेल?

पोच पाठवताच येत नाही, असेही श्रोते होते, आणि त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. व्हॅटिकन नभोवाणीचे लिथुएनियन भाषेतील कार्यक्रम १९४० साली सुरू झाले, आणि पुढे अनेक दशके तो देश सोव्हिएत सत्तेखाली राहिला. परदेशी केंद्रांवर कर्कश आवाजाचा मारा करून ती बुजवली जात. तेथील घरांतून लोक संचाला कान लावून मिस्सा ऐकत, परंतु 'आम्ही ऐकतो' असे पत्र लिहिणे म्हणजे संकट ओढवून घेणे. १९७२ साली फादर सिगितास ताम्केविचुस यांनी 'लिथुएनियातील कॅथलिक चर्चची बखर' गुप्तपणे काढण्यास प्रारंभ केला. तीही टंकलिखितच! कार्बनच्या प्रती हातोहात फिरत. काही चोरून पश्चिमेकडे पोहोचत, आणि तेथून व्हॅटिकन नभोवाणी त्यांतील मजकूर पुन्हा लिथुएनियाकडे प्रसारित करी. अटक, झडती, बंद केलेले चर्च, यांच्या तारीखवार नोंदी. एका अर्थी त्या देशाने पाठवलेले हेच श्रवणपत्र होते. ताम्केविचुस यांना १९८३ साली अटक होऊन त्यांनी तुरुंगवास व सैबेरियातील हद्दपारी भोगली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले.

आपल्याकडे लघुलहरी म्हटले की बहुतेकांना रेडिओ सिलोन आणि १९५२ पासूनची बिनाका गीतमाला आठवते, आणि त्यात काही वावगे नाही. गोमंतकीय वाचकांना मात्र आणखी एक केंद्र आठवायला हवे. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून चालवलेले गोवा मुक्तीचे गुप्त केंद्र लघुलहरींवरूनच बोलत होते. त्यालाही पोच पाठवणे सोपे नव्हते.

मनिलाच्या रेडिओ व्हेरितास आशियाने ३० जून २०१८ रोजी लघुलहरी प्रसारण थांबवले. बीबीसीच्या हिंदी सेवेने जानेवारी २०२० च्या अखेरीस. केंद्रे बंद झाली, तशी त्यांची दप्तरेही ठिकठिकाणी विस्कळीत झाली असणार. श्रोत्यांच्या घरी मात्र कार्डे व कार्बनप्रती राहिल्या आहेत. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या घरांत, बाबांच्या वा काकांच्या पेटीत अशी परदेशी चित्रांची कार्डे किंवा पिवळ्या पडलेल्या टंकलिखित प्रती असतील, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्या एकवार वाचून पाहाव्यात, आणि शक्य तर आम्हांसही दाखवाव्यात.