उलटा अभिमन्यू

आमच्या घरातलं शिवणाचं मशीन मी एकदा दुरुस्त केलं. म्हणजे सगळं सोडवलं, पुसलं, तेल घातलं आणि पुन्हा जोडलं. मशीन सुरू झालं. फक्त कापड पुढे सरकायचं ते मागे यायला लागलं. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून घरातला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलेला असतो, हे मला कळू दिलं जात नाही.

म्हणूनच ज्यांनी घरच्या घरी आख्खी मोटार जोडली, त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. इंग्लंडात अशी माणसं एकेकाळी शेकड्यांनी होती. त्यांना या नादाला लावलं ते यंत्रप्रेमानं कमी आणि करानं जास्त.

१९४० साली, ऐन महायुद्धात, ब्रिटिश सरकारनं 'पर्चेस टॅक्स' बसवला. युद्ध संपलं, कर राहिला. (युद्धं संपतात, कर संपत नाहीत.) १९५७ साली नव्या मोटारीवर तो घाऊक किमतीच्या ६० टक्के होता. पण मोटारीवर, सुट्या भागांच्या संचावर नव्हे. रवा, साखर, तूप वेगवेगळ्या डब्यांत असेल तर त्याला काही कोणी शिरा म्हणत नाही, तसंच हे!

ही फट बरोबर हेरली कॉलिन चॅपमननं. हा गृहस्थ बांधकामाचं इंजिनिअरिंग शिकलेला. १९४८ साली त्यानं एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनवली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये. (पुढे ती मंडळी त्याचे सासू-सासरे झाली. जावई पारखण्याची ही पद्धत आपल्याकडेही यायला हरकत नाही.) १९५२ साली त्यानं लोटस कंपनी काढली आणि १९५७ साली 'लोटस सेव्हन' आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, फोर्डचं ११७२ सी.सी.चं इंजिन. दारं नाहीत. आत बसायचं म्हणजे पायजम्यात शिरल्यासारखं वरून शिरायचं.

सांगाडा तयार मिळे. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, तारा गिऱ्हाईकानं जोडायच्या. पण सरकारची एक मेख होती : संचाबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. चॅपमननं म्हणे त्यावरही तोड काढली. गाडी *सोडवायची* कशी, याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाईकानं त्या शेवटापासून वाचायच्या! आपल्या अभिमन्यूला आत शिरणं ठाऊक होतं, बाहेर पडणं नव्हतं. या उलट्या अभिमन्यूंना बाहेर पडण्याची वाट सांगून आत पाठवलं जाई.

आता कल्पना करा. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये जातायत. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची, तर काम दोघांचं : एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल सैल करायचा. पॅडलवर बायको, चाकाशी नवरा. "दाब!" "दाबलंय!" "सोडू नकोस!" असा संसार कित्येक गॅरेजांतून चालला असेल. आणि मग तो दिवस. गाडी रस्त्यावर येते, वेग घेते, पुढे वळण दिसतं, आणि आपणच बसवलेल्या ब्रेकवर आपण पहिल्यांदा पाय ठेवतो. माझ्या मशीननं फार तर एक झबलं बिघडवलं असतं. इथे गाठ जिवाशी होती.

१९७३ च्या एप्रिलमध्ये पर्चेस टॅक्स गेला, व्हॅट आला आणि संचाची सवलत संपली. आता हा उपद्व्याप थांबायला हवा होता. पण त्याच वर्षी कॅटरहॅम नावाच्या विक्रेत्यानं सेव्हनचे हक्क घेतले आणि संच विकणं चालूच ठेवलं. ते आजही मिळतात. १९९६ साली तर अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचं रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक निघालं. त्याच्या आधारानं लोकांनी सांगाडेसुद्धा घरीच वेल्डिंग करून बनवले.

म्हणजे कर हे निमित्त होतं. तयार गाडी बिघडली की माणूस कंपनीला शिव्या घालतो. स्वतः जोडलेली बिघडली की शिव्या घालायला कोणी नसतं. मुकाट्यानं पान्हा उचलावा लागतो. आणि चालली, तर तेवढ्यापुरता माणूस कोणाचा मिंधा नसतो. या सुखासाठी लोक कर भरूनही हात काळे करून घेतात.

हे सगळं मी घरी सविस्तर समजावून सांगितलं. स्क्रूड्रायव्हर अजून सापडलेला नाही.