याफोच्या वाळूवरची पाहुणी

१२ मे २०२३, शुक्रवार. घरोघर शब्बाथची तयारी चालली होती. ९ मे रोजी गाझाशी सुरू झालेली चकमक अजून थांबली नव्हती आणि दक्षिणेकडील आपल्या बांधवांचे कान सायरनकडे लागलेले होते. अशा त्या दिवशी याफोच्या किनाऱ्यावर समुद्रातून एक मोठे जनावर वर आले आणि वाळूत खुशाल झोपी गेले. तो होता सील, आणि मादी. लोकांनी तिचे नाव ‘युलिया’ ठेवले. दोन-तीन दिवसांत हे नाव साऱ्या इस्राएलभर झाले.

आम्हीही नातवंडांना घेऊन पाहावयास गेलो. निसर्ग व उद्यान प्राधिकरणाच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी तिच्याभोवती दोऱ्या बांधून जागा राखली होती. दोऱ्यांबाहेर अरब, यहुदी, म्हातारे, मुले सगळे मुकाट्याने उभे. एरवी चार माणसे जमली की वाद घालणारे आपण लोक, पण तिथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आमच्याजवळ अलिबागकडच्या एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगो बाई, ही तर आपली पाणमांजर! पण एवढी मोठी?” तेवढ्यात धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, ही वाट चुकून आली का?” आम्ही सहज “हो” म्हणालो. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले की आमचे उत्तर चुकले होते.

प्रथम हे जनावर कोणते ते सांगू. पुष्कळजण ‘सील मासा’ म्हणतात, पण सील हा मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि मादी पिलांना दूध पाजते. आपल्या कोकण किनाऱ्यावर सील राहत नाहीत, म्हणून आपल्या बोलीत त्याला जुने नाव नाही. हिब्रूत त्याला ‘केलेव याम’, म्हणजे समुद्रातला कुत्रा, म्हणतात. भूमध्य समुद्रातल्या या जातीला इंग्रजीत ‘मंक सील’ असे नाव आहे. पूर्ण वाढलेले जनावर आठ फुटांच्या आसपास लांब आणि अडीचशे किलोंच्या वर भरते. जुने केस झडण्याच्या दिवसांत ते बराच वेळ जमिनीवर पडून राहते. आज जगात या जातीची काही शेच जनावरे उरली आहेत. त्यांतली बहुतेक ग्रीस, तुर्कस्तान आणि सायप्रसच्या किनाऱ्यांवर, बाकीची दूर अटलांटिकमध्ये मदेरा बेटांपाशी व आफ्रिकेच्या केप ब्लांकोला. युलियाही तुर्कस्तानातल्या अभ्यासकांच्या ओळखीची, वयस्क मादी निघाली.

मग ती परक्या किनाऱ्यावर आली होती काय? जुने ग्रंथ तसे सांगत नाहीत. होमरच्या ‘ओडिसी’त समुद्रदेव प्रोटियस सीलांचा कळप राखतो, तो मिसरच्या किनाऱ्याजवळच्या फारोस बेटावर. ॲरिस्टॉटलने या प्राण्याची हकीगत लिहिली आहे. रोमन बादशहा ऑगस्टस मेघगर्जनेला भिऊन सीलचे कातडे नेहमी जवळ बाळगी, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे.

पण आपल्याला जवळचा पुरावा आपल्या मिश्नात आहे. ‘केलीम’ या भागात भांडी व वस्तू केव्हा अशुद्ध होतात याची चर्चा आहे. समुद्रातील जीवांच्या कातड्याच्या वस्तूंना अशुद्धी लागत नाही, असा तेथील नियम. त्याला रब्बी अकिवा एक अपवाद सांगतात, तो ‘पाण्यातल्या कुत्र्या’चा. कारण काय, तर तो जीव घेऊन पळतो तेव्हा कोरड्या जमिनीकडे पळतो, म्हणून तो जमिनीवरचाच प्राणी समजावा. हा प्राणी म्हणजे पाणमांजर असेही काही भाष्यकार म्हणतात, आणि आमच्या अलिबागच्या बाईंना हे ऐकून बरे वाटेल! परंतु चर्चा समुद्रातील जीवांची आहे, म्हणून पुष्कळ अभ्यासक सीलच मानतात. रब्बी अकिवांची शाळा बने ब्राकला होती. तेथून याफोचा किनारा काही मैलांवर आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी या देशातल्या विद्वानांना हा प्राणी संकटात कोणीकडे धावतो ते ठाऊक होते, आणि त्याच्या कातड्याच्या वस्तूंबद्दल नियम करावा इतकी ती वापरात होती.

येथे आणखी एक गोष्ट वाचकांना आठवेल. अरण्यात मिश्कानवर जे आच्छादन घातले ते ‘तहाश’च्या कातड्याचे होते असे तोरा सांगते. १८८५ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी ‘सीलचे कातडे’ असा अर्थ केला आहे. पण हा सील भूमध्य समुद्रातला, आणि आपले पूर्वज फिरत होते ते सिनायच्या बाजूला. तालमुदात तर तहाश हा फक्त मोशेच्या काळापुरता दिसलेला निराळाच प्राणी होता असे मत दिले आहे. म्हणून या पुराव्यावर आम्ही भर देत नाही. रब्बी अकिवांची साक्ष पुरेशी आहे.

तर मग सील गेले कोठे? त्यांना माणसाने मारले. रोमनांच्या काळी तेल व कातड्यासाठी, आणि १५ व्या शतकात पोर्तुगीज खलाशांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांची मोठी कत्तल केली. पुढे जाळी फाडतो, मासळी खातो म्हणून कोळ्यांनीही त्याला वैरी ठरवले. पूर्वी उघड्या वाळूवर निजणारा हा प्राणी भिऊन गुहांत शिरला, आणि ज्या गुहांचे तोंड पाण्याखाली असते तेथे पिले देऊ लागला. त्याची कॅरिबियन समुद्रातली जातभाई १९५२ नंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाही. १९९७ साली केप ब्लांकोच्या वस्तीवर अरिष्ट येऊन दोन महिन्यांत बहुतांश जनावरे मेली. आपल्या किनाऱ्यावरून तर सील विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नाहीसाच झाला असे धरून चालत होते. त्यानंतर जन्मलेल्या पिढीने तो पाहिला नाही, म्हणून तो इथला नव्हेच अशी समजूत झाली.

सुदैवाने वारा थोडा फिरला. ग्रीसने १९९२ मध्ये अलोनिसोस बेटाभोवतीचा समुद्र राखीव केला. तुर्कस्तानात फोचा येथे रक्षणाचे काम झाले. या गावाचे प्राचीन नाव फोकाया, आणि ग्रीक भाषेत सीलला म्हणतात ‘फोके’. २०१० मध्ये हर्झलियाजवळ सील दिसल्याची बातमी आली. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय यादीत २०१५ साली आणि पुन्हा २०२३ साली या जातीचा धोका एकेक पायरी कमी दाखवण्यात आला. युलिया आली ती याच वर्षी. जिथून तिच्या पूर्वजांना हाकलले त्याच वाळूवर ती उघड्यावर झोपली.

जनावराची आणि माणसाची तुलना करू नये हे आम्हाला कळते. तरी आपल्या समाजाला हा प्रश्न ओळखीचा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्यांची आपण संतती, अशी आपली परंपरा. कोकणात शतकानुशतके शनवार पाळला, म्हणून शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हटले. या देशात आल्यावर, १९६० नंतरच्या वर्षांत, आपल्या मुलामुलींची लग्ने लावताना “तुम्ही कोण, कोठले?” असे विचारले गेले. आपल्या वडीलधाऱ्यांनी उन्हातान्हात बसून सत्याग्रह केला, तेव्हा १९६४ साली आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर झाले. ज्यांची स्मृती तोकडी त्यांना आलेला प्रत्येकजण परका वाटतो. वही जरा मागे चाळली तर पाहुणा घरचाच निघतो.

काही दिवसांनी युलिया आपणहून पाण्यात गेली. नातवाला आम्ही मागाहून सांगितले, “बाळा, ती वाट चुकली नव्हती. वाट तिच्या लोकांची जुनी होती, आपणच विसरलो होतो.” त्याने लगेच विचारले, “मग ती परत येईल?” येईल की नाही हे आपल्यावरही आहे.

अश्दोद, अश्केलोन, हैफा अशा किनाऱ्यावरच्या गावांत आपली पुष्कळ कुटुंबे राहतात. म्हणून एक विनंती. फिरावयास गेलात आणि असे जनावर वाळूत पडलेले दिसले, तर ते आजारीच आहे असे समजून त्याला पाण्यात ढकलू नका. त्याच्यावर पाणी ओतू नका, खाऊ घालू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. कुत्र्याला दोरीने धरा, मुलांना लांब उभे करा आणि निसर्ग व उद्यान प्राधिकरणाला फोन करा. ते तिथे विसाव्याला आलेले असते. त्याला निजू द्या.