रेशनच्या दारात लसीचा कागद



२०२१ सालचा नोव्हेंबर आठवा. दिवाळी नुकतीच सरली होती. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात प्रशासनाचा हुकूम निघाला, की करोनाच्या लसीचा निदान एक डोस घेतल्याचा पुरावा असेल तरच रेशन, गॅसचं सिलिंडर आणि पेट्रोल मिळेल. लस घेण्यात जिल्हा मागे पडला होता. राज्यात पात्र लोकांपैकी ७४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी लस घेतली होती आणि या जिल्ह्यात ५५ टक्क्यांच्या आसपास. आकडा वर न्यायचा, तर लोकांना जिथे यावंच लागतं तिथे अडवायचं, असा तो हिशोब.

आता रेशनच्या रांगेत कोण उभं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. दुकान, बस, जत्रा, सभागृह यांच्या दारात लसीचा पुरावा मागावा का? प्रश्न करोनाने आणला असं वाटतं, पण आपल्याच महाराष्ट्रात तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही लसीच्या बाजूच्या आहोत. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायांनी दंड किंवा मनगटाच्या वरची जागा बघावी. तिथे देवी काढल्याचे गोल वण असतील. (डाव्या दंडावरचा एकच लहान वण असेल, तर तो बहुधा क्षयाच्या, बीसीजीच्या लसीचा. तो तरुण मुलींनाही असतो.) देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली. त्या काळी लस बाटलीत येत नसे, एका लेकराच्या हातावरून दुसऱ्या लेकराच्या हातावर जाई. कुठल्या घरच्या, कुठल्या जातीच्या लेकराचा फोड आपल्या लेकराला, म्हणून लोक बिचकत, आणि फोड फोडताना मूल रडतं म्हणून आया मूल लपवून ठेवत. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि ती अडचण सरली. मुंबई शहरात तान्ह्या मुलांना देवी काढणं १८७७ च्या कायद्याने सक्तीचं झालं. तरी देवी संपायला १९७५ साल उजाडावं लागलं. त्या लसीचा दाखला अंगावरच असे. तो हरवत नसे, पावसात भिजत नसे, त्याला मोबाईलही लागत नसे.

पण अंगावरचा वण वेगळा आणि दारातला कागद वेगळा. कागदाची गोष्ट सुरू होते प्लेगपासून.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत गाठीचा ताप आला आणि तिथून पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरले. माजघर, देवघर, काही राहिलं नाही. आजारी माणूस दवाखान्यात, घरची माणसं छावणीत, सामानसुमान जाळायला. रेल्वेच्या फलाटावर उतारूंच्या काखा आणि जांघा गाठीसाठी तपासत. बाईमाणसाची अशी चारचौघांत तपासणी हा त्या काळच्या लोकांच्या संतापाचा सगळ्यात मोठा मुद्दा होता. पंडिता रमाबाईंनी आपल्याकडच्या एका मुलीला प्लेगच्या दवाखान्यात कसं वागवलं गेलं, त्याविषयी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. आणि २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो.

शाळेत सहसा न शिकवलेली गोष्ट पुढची आहे. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. सोजीर पाठवून साथ आटपत नाही, उलट लोक रोगी लपवतात, हे सरकारला दोनेक वर्षांत उमगलं. मग सूर बदलला. लस घ्या, दाखला घ्या, आणि तो दाखला दाखवलात तर काही ठिकाणी छावणीत कोंडून घेण्यातून तुम्हाला सूट, असं आमिष आलं. लसीचा कागद दाखवून वाट मोकळी करून घ्यायची रीत आपल्या मुलखात इथे दिसते.

हा कागद त्या काळी अनेकांना सोजिरांपेक्षा बरा वाटला असणार. छावणीत मूलबाळ घेऊन बसण्यापेक्षा एक सुई परवडली. पण भीती काही वेडगळ नव्हती. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लसीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि लस घेतलेली १९ माणसं दगावली. दोष हाफकिनच्या माथी आला. तो निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. ‘लोक अडाणी म्हणून लस घेत नाहीत’ असं कुणी म्हणालं, की आम्हाला ती १९ माणसं आठवतात.

प्लेगनंतर हा कागद आला वारीच्या वाटेवर. पटकी, म्हणजे कॉलरा, आपल्याकडे गावोगावी मरीआईच्या नावाने ओळखला जाई. गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाला गेला. (पुढचं गावही तेच करी, हा भाग वेगळा.) आषाढीला लाखो माणसं एका नदीच्या काठी जमत, तेच पाणी पीत, आणि पटकी घेऊन घरी परतत. पालखीच साथ वाहून नेते, असं इंग्रज अधिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत. साथ असली की यात्रेची रेल्वे तिकिटं बंद करावीत, हा त्यांचा ठरलेला उपाय. वारकरी चालत जातो, हे त्यांच्या ध्यानात उशिराच येई. पुढे पटकीची लस हाताशी आली तेव्हा पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांना जाणाऱ्यांना ती टोचून घ्यायला लावण्याचा मार्ग निघाला. आधी सुई, मग विठोबा.

हा नियम वाईट हेतूचा होता असं आम्ही म्हणणार नाही. पटकीने सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळपर्यंत जाई. पण त्या जुन्या लसीचा गुण थोडा होता. टोचलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना आधार मिळे, तोही तीन ते सहा महिने. आणि मुख्य म्हणजे टोचलेला माणूस स्वतः वाचला तरी त्याच्या पोटातून जंतू पाण्यात जायचे ते जातच. मग त्याच्या हातातल्या दाखल्याने शेजारच्या वारकऱ्याला काय मिळालं? जगभरातही हेच कोडं पडलं होतं. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पटकीच्या लसीचा दाखला मागत. १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने तो नियमांतून काढून टाकला, कारण त्या दाखल्याने पटकी देशाबाहेर थांबत नव्हती. पटकीला रोखतं ते स्वच्छ पाणी आणि संडास. शिपायाला दारात कागद तपासायला उभं करणं मात्र त्याहून स्वस्त पडतं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. पिवळा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यूचाच तो डास. एक रोगी आला तर काय होईल याचा विचार करा. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडे आपलं सरकार आजही लसीचा दाखला मागतं. ही लस एकदा घेतली की जन्मभर पुरते आणि डासाला पुढे न्यायला रोग उरतच नाही. दाखला नसेल तर माणसाला हाकलून देत नाहीत, सहा दिवस वेगळं ठेवतात. हा नियम आम्हाला पटतो. लस दुसऱ्यालाही वाचवते, आणि दाखला नसणाऱ्याला दुसरी वाट ठेवलेली आहे.

आता या दोन मापांनी करोनाचा कागद मोजून बघू. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल सामान्य लोकांना खुली झाली, पण दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच. ऐकायला रास्त वाटतं. हिशोब मांडला की कळतं. १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण आपल्या राज्यात मे महिन्यात सुरू झालं आणि लसच नाही म्हणून काही दिवसांत थांबलं. सगळ्या प्रौढांना सरकारी केंद्रावर केंद्राकडून मोफत लस मिळू लागली २१ जूनपासून. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. तीस वर्षांची एखादी घरकामवाली पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली आणि तिला लस मिळाली, तरी दुसरा डोस १३ सप्टेंबरला आणि लोकल २७ सप्टेंबरला. मे-जूनमध्येच पैसे भरून खासगी दवाखान्यात लस घेतलेली बाई तिच्या आधी गाडीत बसणार. नोंदणी मोबाईलवर, एका नंबरावर चार नावं, आणि घरातला मोबाईल कुणाच्या खिशात असतो ते आपण जाणतोच. २०२१ च्या जूनपर्यंत देशात लस घेतलेल्यांत पुरुष ५४ टक्के आणि बाया ४६ टक्के होत्या. पुढे ते अंतर भरून आलं. पण कागदाचा नियम अंतर भरून यायची वाट बघत नव्हता.

घरोघरी जाऊन लस देण्याची मोहीम, ‘हर घर दस्तक’, सुरू झाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. आणि रेशन अडवण्याचा हुकूम त्याच महिन्यात. सुई दारात यायला आणि कागद दारात मागायला एकच मुहूर्त. आशाताई आणि नर्सबाई चिखल तुडवत वस्तीवर पोहोचायच्या आत दुकानदाराने बाईला परत पाठवलं, तर त्यातून लसीविषयी काय बोललं जाईल? त्या दिवसांत खोटी प्रमाणपत्रं विकणारे पकडल्याच्या बातम्याही येत होत्या. अडवलं की बाजार उभा राहतोच.

राहिला प्रश्न दुसऱ्याला वाचवण्याचा. करोनाच्या लसीने जीव वाचवले, माणूस अत्यवस्थ होण्याचं प्रमाण फार खाली आणलं, यात शंका नाही. पण २०२१ संपता संपता ओमायक्रॉन आला आणि दोन डोस घेतलेल्यांनाही लागण होऊ लागली, त्यांच्याकडून इतरांनाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारचं लसीचं धोरण न्यायालयाने चुकीचं ठरवलं नाही, साथीच्या काळात काही बंधनं घालता येतात हेही मान्य केलं. पण कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, आपल्या शरीराविषयी ठरवण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतो, असं सांगितलं. लस न घेतलेल्या माणसाकडून लस घेतलेल्यापेक्षा जास्त धोका आहे, असं दाखवणारी माहिती कुठल्याही सरकारने कोर्टापुढे ठेवली नाही, म्हणून लागण कमी असेपर्यंत अशी बंधनं मागे घ्यावीत, असं सुचवलं. प्रश्न पटकीच्या दाखल्याचाच होता. ५० वर्षांनी तो पुन्हा विचारावा लागला.

आमचं मत विचाराल तर असं. दवाखान्यात तान्ह्या बाळांना हाताळणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या माणसांकडून लसीची अपेक्षा ठेवणं योग्य. मॉल आणि सिनेमाचा नियम साथ जोरात असताना थोडे दिवस चालवून घेता येईल, तिथे न गेल्याने कुणाची चूल विझत नाही. (मॉल आमच्यापासून दोन तासांवर आहे, म्हणून आम्ही इतक्या उदार, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.) पण रेशन, पाणी, एसटी, दवाखाना आणि रोजगार हमीचं काम, या पाच ठिकाणी कागद मागू नये. तिथे माणसं येतातच, तर तिथेच टेबल मांडून लस द्यावी. रांगेतली बाई घरी जाताना तांदूळही नेईल आणि लसही घेऊन जाईल.

आणि जत्रेचं काय, असं तुम्ही विचाराल. जत्रा कमिटीने पुढच्या साथीत असा नियम काढला, तर गटाने ग्रामसभेत उभं राहून विचारायचं, की ही लस घेतल्याने शेजारणीला लागण व्हायची थांबते का, आणि आपल्या गावच्या प्रत्येक वस्तीवर ती किती दिवसांपूर्वी आली. उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून घ्यायचं, कमिटीच्या अध्यक्षाकडून नाही.

१८९७ चा तो साथीचा कायदा अजून चालू आहे. २०२० मध्ये त्यात भर पडली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्याची. ती गरजेचीच होती. मुळात त्या कायद्यात चार कलमं होती. सरकारने काय काय करावं याचे अधिकार त्यात होते, न ऐकणाऱ्याला शिक्षा होती, अधिकाऱ्याला संरक्षण होतं. कागद मागण्याआधी लस वस्तीवर पोहोचवली पाहिजे, असं एकही वाक्य त्यात नव्हतं.