हायब्रीड मोटार : आता घ्यावी की थांबावे?

होंडा कंपनीने २००८ च्या जूनमध्ये 'सिव्हिक हायब्रीड' भारतात आणली, तेव्हा तिची किंमत साडेएकवीस लाख रुपये होती. संपूर्ण मोटार परदेशातून येत असल्याने जबर आयातशुल्क तिच्या माथी बसले होते. साहजिकच ग्राहक फिरकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये कंपनीने किंमत एकदम आठ लाखांनी उतरविली आणि शिल्लक मोटारी हातोहात संपल्या. ज्यांनी हौसेने जूनमध्येच मोटार दारात आणली होती, त्यांना पाच महिन्यांच्या घाईपोटी आठ लाखांचा भुर्दंड पडला.

नऊ वर्षांनी नेमके उलटे घडले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हायब्रीड मोटारींवरील कराचा एकत्रित बोजा सुमारे ३० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. बंगळूरजवळ बिडदी येथे तयार होणारी टोयोटाची 'कॅमरी हायब्रीड' त्यामुळे तीन लाखांहून अधिक महागली. या खेपेस थांबलेला ग्राहक पस्तावला.

हायब्रीड मोटार आताच घ्यावी की आणखी वर्ष-दोन वर्षे थांबावे, या प्रश्नाला ही अशी पार्श्वभूमी आहे. सरकारी सवलतीच्या आशेवर बेत आखणाऱ्यांची दोन दशकांत अनेकदा निराशा झाली. मात्र स्वतःच्या वापराचा हिशेब मांडून निर्णय घेणाऱ्याला उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळते.

एक नाव, दोन वस्तू

प्रथम एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. बाजारात 'हायब्रीड' या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. 'सौम्य' किंवा माइल्ड हायब्रीडमध्ये नेहमीच्या इंजिनाला एका छोट्या विद्युतयंत्राची जोड असते. सिग्नलला इंजिन बंद होते, निघताना थोडा हातभार लागतो, एवढेच. ही मोटार केवळ विजेवर धावू शकत नाही. मारुतीच्या सियाझ व अर्टिगा या मोटारी अशा प्रकारच्या होत्या आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'फेम' योजनेत त्यांना अनुदानही मिळत होते. एवढ्याशा इंधनबचतीसाठी सरकारी पैसा कशाला, अशी टीका झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून ते बंद करण्यात आले.

'पूर्ण' म्हणजे स्ट्राँग हायब्रीड ही वेगळी जात. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणलेली 'प्रियस' ही तिची पूर्वज. भारतात २०२२ हे या जातीचे खरे वर्ष ठरले. मे महिन्यात होंडा 'सिटी'ची हायब्रीड आवृत्ती आली, सप्टेंबरमध्ये मारुती 'ग्रँड व्हिटारा' आणि तिची जुळी बहीण टोयोटा 'हायरायडर' दाखल झाल्या, तर वर्षअखेरीस 'इनोव्हा हायक्रॉस'. या मोटारी काही अंतर निव्वळ विजेवर चालतात. तरीही त्यांना कोठे प्लग लावावा लागत नाही. ब्रेक दाबला की चाकांचा वेग मोटारीतील जनित्राला फिरवितो आणि जी ऊर्जा एरवी उष्णतेच्या रूपाने वाया गेली असती, ती बॅटरीत साठते. बॅटरीही लहानच असते. हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास वीज साठविते. निव्वळ विजेवरील मोटारीत ही क्षमता ३० ते ५० युनिट, किंवा त्याहूनही अधिक असते.

हे तंत्र समजले की खर्चाचे गणितही उलगडते. साधी पेट्रोल मोटार गर्दीत सर्वाधिक इंधन खाते, कारण तिचे इंजिन थांबूनही चालूच असते आणि मिळविलेला वेग पुन्हा पुन्हा ब्रेकमध्ये जातो. हायब्रीडची खरी कमाई नेमकी याच गर्दीत होते. मोकळ्या महामार्गावर ब्रेक क्वचित लागतो, इंजिन सतत चालते आणि दोन्ही मोटारींतील अंतर कमी होते. त्यामुळे ग्रँड व्हिटाराचा लिटरला २७.९७ किलोमीटर किंवा हायक्रॉसचा २३.२४ किलोमीटर हा चाचणीतील आकडा वाचून निर्णय घेऊ नये. आपण कोठे गाडी चालवितो, हे त्याहून महत्त्वाचे.

हिशेब

एकाच मोटारीची स्वयंचलित गिअरची पेट्रोल आवृत्ती व पूर्ण हायब्रीड आवृत्ती यांच्या शोरूम किमतीत अडीच लाखांचा फरक आहे, असे समजू. महाराष्ट्रात १० ते २० लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर वैयक्तिक खरेदीदाराला १२ टक्के वाहनकर भरावा लागतो, म्हणजे या फरकावर आणखी ३० हजार. (हायब्रीडमुळे किंमत २० लाखांपलीकडे गेली, तर दर १३ टक्के होतो आणि तो पूर्ण किमतीवर लागतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.) प्रत्यक्ष फरक झाला २ लाख ८० हजार रुपयांचा.

आता पेट्रोल लिटरमागे १०० रुपये धरू. शहरात साधी मोटार लिटरला १२ किलोमीटर आणि हायब्रीड २० किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे अनुक्रमे सुमारे ८ रुपये ३३ पैसे व ५ रुपये खर्च येतो. बचत ३ रुपये ३३ पैसे. जादा दिलेली रक्कम वसूल होण्यास सुमारे ८४ हजार किलोमीटर लागतील.

ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज मोटारीने ये-जा करणाऱ्याचे वर्षाला साडेतेरा हजार किलोमीटर सहज होतात. त्याचे पैसे सहा वर्षांत फिटतील. पुण्यातील हिंजवडीच्या कोंडीत याहून अधिक फिरणाऱ्याचे, वर्षाला २० हजार किलोमीटर धरले तर, चार वर्षांत. कोथरूडमध्ये राहणारे आणि वर्षाकाठी जेमतेम पाच हजार किलोमीटर गाडी काढणारे निवृत्त दांपत्य मात्र ही रक्कम वसूल करण्यास सुमारे सतरा वर्षे घेईल. पेट्रोल मोटारीची पहिली नोंदणीच १५ वर्षांची असते!

महामार्गावर चित्र आणखी बदलते. तेथे साधी मोटार १६ आणि हायब्रीड २१ किलोमीटर जाते असे धरल्यास बचत किलोमीटरमागे दीड रुपयाच्या आत येते आणि वसुलीचे अंतर १ लाख ८८ हजार किलोमीटरवर जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर वारंवार जाणाऱ्याने केवळ इंधनबचतीसाठी हायब्रीड घेण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय कर्ज काढून गाडी घेतली, तर जादा रकमेवरील व्याजही हिशेबात धरावे लागते. नऊ टक्के दराने पहिल्याच वर्षी ते २५ हजारांच्या घरात जाते.

विक्रेत्याने मांडलेला हिशेबही तपासून घ्यावा. हायब्रीड मोटारी नेहमीच स्वयंचलित असतात. त्यामुळे त्यांची तुलना हाती गिअरच्या स्वस्त आवृत्तीशी करणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, अनेक मोटारींत हायब्रीड यंत्रणा केवळ वरच्या श्रेणींतच मिळते. ज्या कुटुंबाला काचेचे छत आणि थंड हवेची आसने नकोच आहेत, त्याला इंधन वाचविण्यासाठी त्यांचेही पैसे मोजावे लागतात.

महाराष्ट्रात हायब्रीडचा खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल नसून सीएनजी आहे. किलोला ८० रुपये आणि किलोमागे २५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरचा खर्च ३ रुपये २० पैसे पडतो आणि मोटारही हायब्रीडपेक्षा बरीच स्वस्त मिळते. पैशांच्या कसोटीवर सीएनजी सरळ जिंकते. ज्यांनी पंपावरील रांगेत सकाळचा अर्धा तास घालविला आहे, टाकीने व्यापलेल्या डिकीत गणपतीला गावी नेण्याचे सामान बसविण्याची खटपट केली आहे आणि घाटात दम लागलेली मोटार पहिल्या गिअरवर आणली आहे, त्यांना मात्र या स्वस्ताईची दुसरी बाजू ठाऊक असते. हायब्रीडमध्येही बॅटरीमुळे डिकी काहीशी आटते, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

बॅटरीची धास्ती

'बॅटरी गेली तर?' हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. मारुती, टोयोटा व होंडा या तिन्ही कंपन्या हायब्रीड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी देतात. बॅटरी छोटी असल्याने ती बदलण्याचा खर्च विजेवरील मोटारीच्या बॅटरीइतका प्रचंड नसतो. तरी हमी संपल्यानंतर तो खर्च मालकाचाच, म्हणून जुनी हायब्रीड घेणाऱ्याने उरलेल्या हमीची तारीख आधी विचारावी. काही मोटारींत बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. तेथे पिशव्या कोंबणे किंवा धूळ साचू देणे बॅटरीला मानवत नाही. महिनोन्महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांना मात्र मोठ्या बॅटरीपेक्षा १२ व्होल्टची साधी बॅटरीच आधी दगा देते.

थांबायचे, तर कशासाठी?

थांबणाऱ्यांची सर्वांत मोठी आशा करकपातीवर होती. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी हायब्रीडवरील कर घटविण्याचा आग्रह २०२४ मध्ये जाहीरपणे धरला होता. टोयोटा व मारुती त्यासाठी आग्रही होत्या. विजेवरील मोटारींत मोठी गुंतवणूक केलेल्या टाटा मोटर्सचा त्याला विरोध होता. अखेर २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, तेव्हा मोठ्या हायब्रीड मोटारींवरील बोजा ४३ वरून ४० टक्क्यांवर आला. कपात झाली खरी, पण त्याच दिवशी मध्यम आकाराच्या पेट्रोल मोटारींचा कर ४५ वरून आणि मोठ्या एसयूव्हींचा ५० वरून ४० टक्क्यांवर आला. म्हणजे हायब्रीडला पेट्रोलच्या तुलनेत जी थोडीफार सवलत होती, तीही संपली. विजेवरील मोटारींचा कर पाच टक्केच राहिला. दर नुकतेच बदलले असल्याने लगेच आणखी मोठी कपात होईल, या भरवशावर खरेदी लांबविण्याचे कारण दिसत नाही.

राज्यांचे धोरणही एकसारखे नाही. उत्तर प्रदेशने २०२४ च्या जुलैमध्ये पूर्ण हायब्रीड मोटारींचा नोंदणीकर माफ केला. परंतु तेथे नोंदविलेली गाडी महाराष्ट्रात कायम वापरायची, तर येथील कर भरावाच लागतो. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात सवलती विजेवरील वाहनांना दिल्या. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफी मिळाली, हायब्रीडला नाही. द्रुतगती मार्गावर २०२३ पासून मोटारीला एका खेपेचे ३२० रुपये पडतात. दर आठवड्याला पुणे गाठणाऱ्या मुंबईकराला वर्षाकाठी तेहतीस हजारांचा हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

म्हणूनच ज्याच्या वाहनतळावर स्वतःचे मीटर बसू शकते, त्याने हायब्रीडसाठी थांबण्यापेक्षा विजेवरील मोटारीचाच विचार करावा. युनिटला १० रुपये व युनिटमागे सहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरचा खर्च पावणेदोन रुपयांच्या आत राहतो. पण मुंबई-ठाण्यातील जुन्या सोसायट्यांत गाडीची जागाच चिठ्ठी टाकून ठरते. अनेक ठिकाणी ती दरवर्षी बदलते, तर कोठे गाडी रस्त्यावरच उभी असते. तेथे चार्जरचा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षे अडकून पडतो. अशा कुटुंबासाठी प्लग न लागणारी हायब्रीड ही आजची सोय आहे, उद्याच्या मोटारीची तालीम नव्हे.

एका गटाने मात्र थांबण्यास हरकत नाही. ज्यांचे अंदाजपत्रक दहा-बारा लाखांचे आहे, त्यांच्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात एकही पूर्ण हायब्रीड नव्हती. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रीडला नव्या दरांत १८ टक्केच कर आहे. त्यामुळे अशी मोटार बनविणाऱ्याला मोठा वाव मिळाला आहे. कंपन्यांच्या सरासरी इंधनवापराच्या पुढील नियमांचा मसुदाही त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण हायब्रीडला साध्या मोटारीपेक्षा जास्त वजन देण्याचे सुचविण्यात आले होते. टोयोटाने २०२४ च्या जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगर येथील सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला असून, तेथे हायब्रीड व विजेवरील मोटारी तयार होणार आहेत. अर्थात करार आणि दारातली मोटार यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. ज्याची सध्याची गाडी उत्तम चालते, त्यालाच हे अंतर परवडते.

घेण्याचे ठरलेच, तर नोंदणी करताना एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी. किंमत नोंदणीच्या दिवशीची लागणार की गाडी हाती पडण्याच्या दिवशीची? हायक्रॉसला एवढी मागणी होती, की २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने वरच्या हायब्रीड श्रेणींची नोंदणीच काही काळ थांबविली होती. अशा मोटारीची वाट पाहता पाहता कंपनीची दरवाढ मधे येऊ शकते. कर तर देयक तयार होते त्या दिवसाच्या दरानेच आकारला जातो, मग अनामत रक्कम कधीही भरलेली असो.