चंद्राची वाट विक्रोळी-पवईतून

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे आता इस्रोत जाणार का?" नाही हो. मी रॉकेट बनवत नाही, रॉकेट कुणाच्या हातून बनली त्याचा इतिहास लिहितेय. आणि त्यासाठी मला श्रीहरिकोट्यापेक्षा विक्रोळी आणि पवईत जास्त फिरावं लागतं.

पण सुरुवात चंद्रापासून करू या. २५ डिसेंबर १९६८. मुंबईत सकाळचे साधारण पावणेबारा वाजलेत, नाताळची सुट्टी आहे. त्याच वेळी फ्रँक बोरमन, जिम लोवेल आणि विल्यम अँडर्स अपोलो-८ मध्ये बसून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहेत. चंद्राभोवती जाणारी ही पहिली माणसं. मध्ये अख्खा चंद्र असल्यामुळे पृथ्वीशी रेडिओसंपर्क नाही. घरी यायचं तर यानाचं मुख्य इंजिन तीन मिनिटांहून थोडं जास्त वेळ पेटायला हवं. नाही पेटलं तर तिघंही चंद्राभोवती फिरत राहणार, कारण इंजिन एकच होतं.

असा जुगार खेळायचा तर इंजिन कसं असावं? शक्य तितकं साधं. या इंजिनात इंधन ढकलायला पंप नव्हता, हेलियमच्या दाबाने ते पुढे जाई. ठिणगीची सोयही नव्हती, कारण लागतच नव्हती. हायड्रॅझिनच्या जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भेटले की आपोआप पेट घेतात. जिथे जोडीला दुसरं देता येत होतं तिथे मात्र दिलं होतं, झडपांचे दोन संच होते. पेटलं ते. आजच्या आर्टेमिस मोहिमांसाठीच्या ओरायन यानाचं मुख्य इंजिन मूळचं स्पेस शटलचं, तेही याच घराण्यातल्या इंधनावर चालतं. विषारी, हाताळायला त्रासदायक, पण महिनोन्‌महिने टाकीत टिकणारं आणि हाक मारली की उठणारं.

आता याच घराण्यातला आपला भाऊबंद, विकास इंजिन. फ्रान्सच्या 'एसईपी' कंपनीच्या व्हायकिंग इंजिनाचं तंत्रज्ञान १९७४ च्या करारातून भारताला मिळालं. मोबदला पैशात नव्हता. आपले अभियंते तिकडे जाऊन काम करणार आणि दाब मोजणारी उपकरणं आपण बनवून देणार, असा तो व्यवहार. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालचा चमू व्हेरनॉन गावी राहिला, शिकला. हा भाग तुम्ही सिनेमातही पाहिला असेल. सिनेमा जिथे थांबतो तिथून माझं संशोधन सुरू होतं, कारण ड्रॉइंग हातात आलं म्हणजे इंजिन हातात आलं असं नसतं. ते कुणीतरी कापावं लागतं, वाकवावं लागतं, जोडावं लागतं.

हे काम आलं दोन ठिकाणी. एक हैदराबादची एमटार, दुसरं आपल्या विक्रोळीचं गोदरेज. तुमच्या-माझ्या घरातल्या कपाटावर ज्याचं नाव आहे तेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीतच बनल्या, १९५५ मध्ये टाइपरायटर आला, मग फ्रिज. १९८० च्या दशकात त्याच आवारात रॉकेटचे भाग बनू लागले. लोक याला 'कुलुपापासून रॉकेटपर्यंत' असं काहीतरी गोंडस नाव देतात. मला ते थोडं फसवं वाटतं. कपाटाचा जोड अर्धा मिलिमीटर हुकला तर दार करकरतं, एवढंच. विकासमध्ये मात्र पंप आहे, अपोलो-८ च्या इंजिनासारखा साधेपणा नाही. टर्बाइन प्रचंड वेगाने फिरतं, एका बाजूला तापलेला वायू, दुसऱ्या बाजूला विषारी द्रव, आणि मध्ये फक्त कुणीतरी केलेलं वेल्डिंग.

२० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात विकास दुसऱ्या टप्प्यात बसलं होतं. मोहीम फसली, पण दोष या इंजिनाचा नव्हता. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ ला यश आलं. त्यानंतरची यादी तुम्हाला पाठच असेल. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर १४ जुलै २०२३ ला गेलं, त्याच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं होती.

या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जाड खांबासारखे दोन बूस्टर दिसतात ना? त्यांची गोष्ट पवईची. साकी विहार रोडने गेलात तर एल अँड टीचं आवार लागतं. बूस्टरची पोलादी कवचं तीन तुकड्यांत बनतात. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाने सगळं ठप्प असताना, गगनयानासाठीचा मधला तुकडा पवईतून बाहेर पडला. व्यास ३.२ मीटर, लांबी ८.५ मीटर, वजन साडेपाच टन. आपल्या खिडकीखालून असं काही जाताना पाहून लोकांना ती कुठल्यातरी रिफायनरीची टाकी वाटली तर नवल नाही.

गगनयान चंद्राकडे जाणार नाही, पृथ्वीभोवतीच फिरणार आहे, हे स्पष्ट सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरतं. पण २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, हे सरकारने जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे आणि त्याची पहिली पायरी हीच. पायरी चढायची तर रॉकेट 'मानवयोग्य' ठरवावं लागतं. यंत्र बहुतेक तेच, पण खात्री करण्याची रीत बदलते. १४ जुलै २०२१ ला महेंद्रगिरीत विकास सलग २४० सेकंद पेटवून पाहिलं. १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्यात २०३ टन इंधन भरलेला बूस्टर जमिनीवरच १३५ सेकंद जाळला. त्याच्या जोडांना जादा सुरक्षा दिली होती, कारण घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. चूक सापडलीच तर ती आधी, कारखान्यात सापडायला हवी.

म्हणून प्रत्येक भागासोबत कागद चालतात. पोलाद कुठल्या भट्टीचं, वेल्डिंग कधी झालं, एक्स-रेमध्ये काय दिसलं, कुणी तपासलं. एका नळीचं चरित्र माझ्या आजोबांच्या चरित्रापेक्षा जास्त तपशिलात लिहिलेलं असतं! ज्या माणसाने ती नळी जोडली त्याचं मात्र कुठे काहीच नाही. इस्रोच्या इतिहासाच्या पुस्तकांत शास्त्रज्ञ भेटतात, संचालक भेटतात, टर्नर-फिटर भेटत नाहीत. माझ्या प्रबंधाचं भांडण आहे ते इथे. आणि वेळ कमी आहे. एलबीएस मार्गावर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बघा, कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. जी पिढी १९८५ च्या सुमारास पंचविशीत होती ती आता पासष्टीच्या पुढे आहे.

गेल्या महिन्यात भांडुपला एका निवृत्त वेल्डरकाकांकडे गेले होते. कुठल्या कारखान्यात होते ते त्यांच्या विनंतीवरून सांगत नाही. ड्रॉइंगबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "ते मी सांगणार नाही आणि तू विचारूही नकोस." बरोबरच आहे, मीही विचारलं नाही. आम्ही बोललो ते पाळीच्या वेळा, डबा, डोळ्यांचा त्रास, मुलांच्या शाळा यांबद्दल. निघताना सहज विचारलं, तुमचं काम कुठलं ते नंतर ओळखायचे कसे? म्हणाले, प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. त्यांचा नंबर त्यांनी न अडखळता सांगितला, निवृत्तीला बारा वर्षं झाल्यावरही. काकू आतून म्हणाल्या, "स्वतःचा मोबाइल नंबर विचार, तो नाही सांगता यायचा."

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत विक्रोळी-पवई-कांजूरमार्गच्या कारखान्यांत काम केलेलं कुणी असेल तर मला कळवा. गुपितं नकोत. बिल्ला, पगाराची स्लिप, कँटीनचं कूपन, युनियनचा अहवाल, पाळी सुटल्यावर काढलेला एखादा फोटो चालेल. फक्त रद्दीवाल्याच्या आधी मला फोन करा.