सात समित्यांचा वंशविस्तार

१८ डिसेंबर २०२४ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये युरोपीय संसदेनं आपल्या दोन उपसमित्यांना बढती दिली. सुरक्षा आणि संरक्षणाची उपसमिती परराष्ट्र समितीच्या हाताखालून सुटली, सार्वजनिक आरोग्याची पर्यावरण समितीच्या. दोन्ही पूर्ण स्थायी समित्या झाल्या आणि वीसचा आकडा बावीसवर गेला. त्याच दिवशी घरटंचाई आणि लोकशाहीचं रक्षण या विषयांवर दोन विशेष समित्याही मंजूर झाल्या, पण त्या ठरावीक मुदतीच्या. बढती मात्र कायमची. मलईदार खात्यांसाठीची रस्सीखेच आपण दर मंत्रिमंडळाच्या वेळी पाहतो, तेव्हा अशा मतदानाआधी पडद्यामागे काय काय चालत असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या समित्यांचं मूळ कोळसा आणि पोलादात आहे. १० सप्टेंबर १९५२ रोजी स्ट्रासबुर्गमध्येच युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाची सभा, म्हणजे आजच्या संसदेची पूर्वज, पहिल्यांदा भरली. बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक अध्यक्ष झाले. सदस्य ७८ : फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटलीचे प्रत्येकी १८, बेल्जियम आणि नेदरलँड्सचे प्रत्येकी १०, लक्झेंबर्गचे ४. कुणीही थेट निवडून आलेलं नव्हतं. सगळे आपापल्या देशाच्या संसदेनं पाठवलेले. करारानुसार वार्षिक अधिवेशन मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू व्हायचं आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत आटपायचं. सभेच्या हाती खरं हत्यार एकच होतं. समुदायाचा कारभार चालवणारं ‘उच्च प्राधिकरण’ वार्षिक अहवालावरून दोन तृतीयांश मतांनी अख्खंच्या अख्खं घरी पाठवायचं. असलं हत्यार रोज थोडंच उपसता येतं? तिकडे लक्झेंबर्गमध्ये प्राधिकरणाचे झां मोने आणि त्यांचे सहकारी वर्षभर निर्णय घेत बसणार, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी सभा वर्षातून काही दिवस भरणार.

समित्या जन्मल्या त्या या अडचणीतून. करारानं त्या सांगितलेल्या नव्हत्या; सभेनं स्वतःच्या कामकाजाचे नियम करायचा अधिकार वापरून जानेवारी १९५३मध्ये सात समित्या नेमल्या. सामायिक बाजार, गुंतवणूक, सामाजिक प्रश्न, वाहतूक असे त्यांचे विषय. अधिवेशन संपलं तरी समिती बसू शकत होती, प्राधिकरणाच्या लोकांना बोलावून प्रश्न विचारू शकत होती. कायदे करायचा अधिकार नसलेल्या सभेनं चोवीस तास जागं राहायची केलेली ही सोय होती, असं मला वाटतं.

साचा बराचसा फ्रेंच वळणाचा. फ्रान्सच्या लोकप्रतिनिधी सभेनं १९०२मध्ये विषयवार स्थायी समित्या नेमल्या होत्या आणि समितीच्या वतीनं एका सदस्यानं अहवाल मांडायची पद्धतही तिथे मुरलेली होती. टेबलाभोवती ब्रिटिश असते तर घाट वेगळा झाला असता. कॉमन्समध्ये विधेयकं तपासणाऱ्या समित्यांना त्या काळी विषयच नसे. ए, बी, सी अशी अक्षरं असत आणि येईल ते विधेयक त्या हाताळत. पण ब्रिटन आला १९७३मध्ये, तोवर घडी बसली होती. गंमत अशी की १९५८मध्ये पाचव्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेद्वारे फ्रान्सनं आपल्या सभागृहांतल्या स्थायी समित्यांवर सहाची मर्यादा घातली, आणि त्याच वर्षी विस्तारलेल्या युरोपीय सभेनं मूळच्या सातांत भर घालायला सुरुवात केली. सासरी गेलेल्या लेकीनं माहेरची शिस्त टाकून द्यावी तसं हे झालं.

आज या यंत्राचा गाडा कसा चालतो हे पाहायचं तर संसदेची दिनदर्शिका उघडावी. गुलाबी आठवडे समित्यांचे, निळे राजकीय गटांचे, लाल स्ट्रासबुर्गच्या अधिवेशनाचे. गुलाबी आठवड्यात ब्रुसेल्सच्या समिती-दालनांत खरी कुस्ती चालते. विधेयक आलं की एका सदस्याकडे अहवाल लिहायची जबाबदारी जाते. उरलेले गट त्याच्या मागे आपापला माणूस लावतात, त्याला तिथे ‘शॅडो’च म्हणतात. दुरुस्त्यांची संख्या शेकड्यांत जाते. मतदानाच्या दिवशी गटाचा म्होरक्या अंगठा वर किंवा खाली करतो आणि त्याकडे पाहून मागच्या रांगांतले हात उठतात. कोणत्या दुरुस्तीवर मत पडतंय हे त्या क्षणी प्रत्येकाला ठाऊक असतंच असं नाही.

अध्यक्षपदं गटांमध्ये वाटायला गेंट विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक व्हिक्टर द’ओंट यांचं एकोणिसाव्या शतकातलं गणित वापरतात. गटाच्या संख्येला एक, दोन, तीन असं भागत जायचं आणि मोठ्या भागाकाराच्या क्रमानं निवडीची पाळी द्यायची. जुलै २०२४मध्ये पीपल्स पार्टीचे १८८, समाजवाद्यांचे १३६, अतिउजव्या पेट्रियट्सचे ८४ सदस्य होते. पहिली पाळी १८८वाल्यांची, दुसरी १३६वाल्यांची. तिसरी पुन्हा पहिल्यांचीच, कारण १८८चे निम्मे ९४ आणि ते ८४पेक्षा जास्त. वाहतूक आणि संस्कृती या समित्या गणितानं पेट्रियट्सच्या वाट्याला येत होत्या. प्रत्यक्ष निवडीत बाकीच्यांनी एकी करून त्या दिल्या नाहीत. शेवटी अध्यक्ष समितीनं मतानंच निवडायचा असतो, एवढी फट गणितात ठेवलेलीच आहे.

समित्या वाढवताना धोरणाची भाषा बोलली जाते, पण एक समिती वाढली की वाटायला एक अध्यक्षपद आणि सोबत उपाध्यक्षपदं वाढतात. माझ्या मते, पुनर्रचनांचा इतिहास वाचायची किल्ली हीच. १९९९मध्ये ॲमस्टरडॅम करारानं संसदेचे कायदे करण्याचे अधिकार वाढले, तेव्हा शिस्त म्हणून वीस समित्यांच्या सतरा केल्या. उद्योग, बाह्य व्यापार, संशोधन आणि ऊर्जा एका समितीत कोंबले. प्रादेशिक धोरण, वाहतूक आणि पर्यटनाची मोट बांधली. कायदेविषयक कामाला अंतर्गत बाजारपेठ जोडली. पाच वर्षं हे चाललं. २००४मध्ये दहा नवे देश आले, सदस्य ६२६वरून ७३२ झाले आणि तिन्ही मोटा सुटल्या : व्यापार वेगळा, वाहतूक आणि प्रादेशिक विकास वेगळे, अंतर्गत बाजारपेठ वेगळी. सतरा आणि तीन, वीस. काटकसरीचा हिशेब एका निवडणुकीत पुसला गेला. (आपल्या संसदेतही खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३मध्ये सतरा होत्या आणि २००४मध्येच त्या चोवीस झाल्या. योगायोगच, पण काटकसरीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.)

वाढीचा मार्ग बहुतेक एकच. विषय आधी तात्पुरत्या समितीत किंवा उपसमितीत शिरतो, मग ठाण मांडतो. १९७९मध्ये पहिली थेट निवडणूक होऊन ४१० सदस्य आले, सिमोन व्हेल अध्यक्ष झाल्या, आणि महिलांच्या हक्कांसाठी तात्पुरती समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्ष इव्हेट रूदी १९८१मध्ये फ्रान्सच्या मंत्री झाल्या, पण समितीच्या अहवालानं विषय पेटता ठेवला आणि १९८४मध्ये ती स्थायी झाली. मासेमारी कृषी समितीच्या पोटात होती. १९९४मध्ये ती स्वतंत्र झाली. संरक्षणाची उपसमिती २००४मध्ये झाली, तिला पूर्ण समिती व्हायला वीस वर्षं लागली. आरोग्याच्या उपसमितीचा जन्म २०२३चा, तिला दोन वर्षंही लागली नाहीत. कोविडनं तिची शिफारस आधीच करून ठेवली होती.

वेगळं झाल्यावर सीमा आखायची कटकट असतेच. औषधं, वैद्यकीय साधनं आणि आरोग्य-संकटांची तयारी नव्या आरोग्य समितीकडे गेली. अन्नसुरक्षा पर्यावरण समितीनं सोडली नाही. एकाच विषयावर दोन समित्यांचा हक्क लागू झाला तर सहयोगी समितीची एक पद्धत आहे, ती स्टीफन ह्यूज या ब्रिटिश मजूर सदस्याच्या नावानं ओळखली जाते. विषय फारच गुंतला तर दोन्ही समित्या एकत्र बसून एकच मतदान करतात.

नव्या संरक्षण समितीच्या वाट्याला हेच आलं. शस्त्रउद्योगाला पैसे द्यायचा युरोपीय संरक्षण उद्योग कार्यक्रम एप्रिल २०२५मध्ये समितीच्या मतदानाला आला, तेव्हा स्वतंत्र होऊन चारच महिने झाले होते. मतदान उद्योग समितीबरोबर, संयुक्त बैठकीत झालं. कारण पैसा संरक्षणाचा असला तरी कारखाने उद्योगाचे.